घाटातील धुके आणि मोटारीचे दिवे

आषाढ-श्रावणात आंबोलीच्या, वरंध्याच्या किंवा पोलादपुराहून महाबळेश्वरास चढणाऱ्या आंबेनळी घाटाच्या वळणांवर ढग जेव्हा रस्त्याच्या पातळीला उतरतात आणि समोरचा पांढरा पट्टाही दिसेनासा होतो, तेव्हा मोटारमालकाचा पहिला रोष आपल्या गाडीच्या दिव्यांवर होतो, आणि घरी सुखरूप पोहोचल्यानंतर थोड्याच दिवसांत तो शहरातील ॲक्सेसरीच्या दुकानाची पायरी चढतो, हा आता एक शिरस्ताच होऊन बसला आहे. दुकानदार त्याच्यापुढे एक खोके उघडून ठेवतो. त्यात दोन निमुळते बल्ब, पंजात मावतील असे दोन धातूचे ठोकळे आणि वायरींचे एक भेंडोळे असते. आणि ‘मूळ दिव्याच्या तिप्पट उजेड’ असा त्या मालाचा जाहीरनामा असतो. हा जाहीरनामा सर्वस्वी खोटा नाही, हीच त्यातली अडचण. उजेड खरोखरच तिपटीच्या आसपास वाढतो. तो पडतो कोठे, याविषयी मात्र खोक्यावर एक अक्षरही छापलेले नसते. मोटारीचे दिवे घेऊ पाहणाऱ्याने हाच प्रश्न सर्वांत आधी विचारावयास हवा आणि पुढील विवेचनाचा सगळा रोख त्याच प्रश्नाकडे आहे.

आपल्याकडील बहुसंख्य मोटारींत अद्याप हॅलोजनचे बल्ब आहेत. टंगस्टनची बारीक तार हॅलोजन वायूच्या सान्निध्यात तापवून प्रकाश मिळविण्याची ही युक्ती मोटारीच्या दिव्यात १९६२ साली एच-१ या बल्बाच्या रूपाने आली, आणि अप्पर व डिपर अशा दोन्ही तारा एकाच काचेत सामावणारा एच-४ हा बल्ब १९७१ पासून वापरात आला. एच-४ हा ६०/५५ वॅटचा असतो आणि डिपरवर तो सुमारे १,००० ल्युमेन प्रकाश देतो. झेनॉनच्या बल्बात तार मुळीच नसते. क्वार्ट्‌झच्या वाटाण्याएवढ्या कुपीत, सुमारे चार मिलिमीटरच्या अंतरावर, दोन टंगस्टनची टोके समोरासमोर बसविलेली असतात; कुपीत झेनॉन वायू आणि काही धातूंचे क्षार भरलेले असतात; वीस हजार व्होल्टहून अधिक दाबाचा एक झटका देऊन त्या टोकांच्या मध्ये विजेची कमान पेटविली जाते, आणि एकदा ती स्थिर झाली की अवघ्या ३५ वॅटमध्ये तिच्यापासून सुमारे ३,२०० ल्युमेन प्रकाश मिळत राहतो. खोक्यातले ते धातूचे ठोकळे, ज्यांना बॅलास्ट म्हणतात, हा झटका देण्याचे आणि नंतर कमान आवरून धरण्याचे काम करतात. बी.एम.डब्ल्यू.च्या ७ सिरीज या मोटारीत १९९१ साली हे दिवे प्रथम दिसले. कमी विजेत जास्त प्रकाश आणि तारेच्या बल्बापेक्षा कितीतरी अधिक आयुष्य, हे त्यांचे गुण निर्विवाद आहेत. तेव्हा आमची तक्रार झेनॉनविरुद्ध नाही; हॅलोजनसाठी घडविलेल्या दिव्यात तो कोंबण्याच्या रीतीविरुद्ध आहे.

कारण दिवा म्हणजे केवळ बल्ब नव्हे. बल्बाच्या मागचा चकचकीत परावर्तक हा एका ठराविक बिंदूवर, ठराविक लांबीची तार तेवत आहे असे गृहीत धरून, मिलिमीटरच्या अंशांपर्यंत हिशेब करून घडविलेला असतो. एच-४ मध्ये तर डिपरच्या तारेखाली एक चिमुकली धातूची वाटी असते. ती खाली जाणारा प्रकाश अडवते आणि त्यामुळेच डिपरच्या झोताची वरची कड समोरच्याच्या डोळ्यांखाली राहते. या जागी विजेची कमान आणून बसवली की सारा हिशेब बिघडतो. कमान तारेसारखी सरळ आणि एकसारखी तेजस्वी नसते. ती किंचित वाकलेली असते आणि तिच्या दोन्ही टोकांशी तेज अधिक एकवटलेले असते. त्यामुळे परावर्तकाला जो प्रकाश रस्त्यावर दूर पाठवावयाचा होता त्यातला काही भाग गाडीच्या नाकासमोरच भळभळून सांडतो आणि काही भाग वर उसळून समोरून येणाऱ्या एस.टी.च्या चालकाच्या किंवा हेल्मेटच्या ओल्या काचेतून पाहणाऱ्या दुचाकीस्वाराच्या डोळ्यांत शिरतो. मालकाचे समाधान मात्र पूर्ण होते, कारण बॉनेटपुढची दहा-पंधरा पावले आता दिवसासारखी उजळलेली असतात. आणि जवळचा रस्ता अति उजळला की बुबुळ आकुंचन पावून दूरचा अंधार अधिकच गडद होतो, हे त्याच्या ध्यानात येत नाही. दुभाजक नसलेल्या दुपदरी रस्त्यावर ज्याला आपण आंधळे केले तो काही क्षणांनी आपल्यापासून हातभर अंतरावरून जाणार असतो, एवढा स्वार्थाचा विचार केला तरी पुरे आहे. पूर्वी हेडलाईटच्या काचेवर मधोमध काळा ठिपका देण्याची पद्धत आपल्याकडे होती. त्या ठिपक्याने प्रकाशशास्त्र फारसे साधत नसावे. पण समोरूनही कोणी माणूसच येत आहे, ही जाणीव त्यात होती.

युरोपातील नियमकर्त्यांनी हा धोका आरंभीच ओळखला होता. संयुक्त राष्ट्रांच्या मोटारदिव्यांविषयीच्या नियमावलीत, ज्या डिपरचा प्रकाशस्रोत २,००० ल्युमेनहून अधिक तेजाचा आहे त्याला काच धुणारी फवारणी आणि गाडीच्या भाराप्रमाणे झोत आपोआप खालीवर करणारी यंत्रणा असलीच पाहिजे, असे बंधन घातले गेले. कारण मळलेली काच एवढा प्रकाश चहूकडे उधळते, आणि मागे चार पोती टाकली की गाडीचे नाक वर होऊन झोत आभाळाकडे जातो. दुकानातल्या खोक्यात या दोहोंपैकी काहीही नसते. आपल्याकडील कायद्याची भूमिकाही या बाबतीत संदिग्ध नाही. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ अन्वये, निर्मात्याने नमूद केलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा फेरफार वाहनात करण्याची मुभा मालकास नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कसोशीनेच लावला. आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये बेकायदा फेरफाराबद्दल मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. ‘सगळेच लावतात’ हे दुकानदाराचे उत्तर वाहन निरीक्षकापुढे टिकणारे नाही. शिवाय कंपनीच्या मूळ वायरी कापून जोडकाम केले असेल तर विजेच्या कोणत्याही बिघाडात हमी नाकारण्यास निर्मात्याला आयती सबब मिळते, ही गोष्ट वेगळीच.

आपल्या गाडीचा दिवा कोणत्या जातीचा आहे हे जाणण्यास कोणाही तज्ज्ञाकडे जाण्याची गरज नाही. ते दिव्याच्या काचेवरच कोरलेले असते, फक्त उन्हात उभे राहून वाचण्याची तसदी घ्यावी लागते. वर्तुळातील ‘ई’ हे अक्षर आणि त्याच्या शेजारचा अंक ही युरोपीय मान्यतेची खूण होय. अंकावरून मान्यता देणारा देश कळतो, जसे १ म्हणजे जर्मनी, ११ म्हणजे ब्रिटन. त्याच्या आसपास ‘एच.सी.’ असेल तर दिवा हॅलोजनच्या डिपरसाठी, ‘एच.आर.’ असेल तर हॅलोजनच्या अप्परसाठी आणि ‘एच.सी.आर.’ असेल तर दोहोंसाठी संमत आहे. झेनॉनच्या दिव्यावर हीच अक्षरे ‘एच’च्या जागी ‘डी’ घेऊन येतात. ज्या काचेवर ‘एच.सी.आर.’ लिहिले आहे तिच्या मागे झेनॉन बसविणे म्हणजे त्या मान्यतेवर बोळा फिरविणे होय. आणखी एक खूण परदेशी माल मागविणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावी. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने गाडी हाकतो, म्हणून आपल्या डिपरचा झोत डावीकडे, म्हणजे रस्त्याच्या कडेकडे, थोडा वर चढलेला असतो. उजव्या बाजूने वाहतूक चालणाऱ्या देशांत हीच चढण उजवीकडे असते, आणि तसा दिवा येथे लावल्यास तो नेमका समोरून येणाऱ्याच्या तोंडावर प्रकाश मारतो. केवळ डाव्या वाहतुकीसाठीच्या दिव्यावर, दिव्याकडे तोंड करून पाहणाऱ्याच्या उजव्या हाताकडे वळलेला बाण असतो. दोन्हीकडे टोके असलेला बाण म्हणजे दिवा फिरवून दोन्ही रीतींना जुळविता येतो. बाणच नसेल तर तो दिवा उजव्या वाहतुकीचा, आणि आपल्या कामाचा नाही.

ज्याला झेनॉनच हवा आहे त्याने यास्तव बल्बाची नव्हे, तर संपूर्ण दिव्याची खरेदी करावी. आपल्याच मोटारीच्या वरच्या श्रेणीत निर्मात्याने झेनॉन दिले असतील तर तो दिवा त्याच्या बॅलास्टसह, फवारणीसह आणि उंची साधणाऱ्या यंत्रणेसह अधिकृत विक्रेत्याकडून बसवून घेणे व त्याचे दस्तऐवज जपून ठेवणे, हाच सरळ मार्ग. खर्च ऐकून मन मागे फिरले तर तेही वाईट नाही, कारण नव्या मोटारींचे निर्माते आता झेनॉन सोडून एल.ई.डी.कडे वळले आहेत आणि लयाला चाललेल्या वस्तूवर फार पैसा ओतण्यात शहाणपण नाही. ज्यांच्या मोटारीत मूळचेच झेनॉन आहेत त्यांना मात्र बल्ब बदलण्याचा प्रसंग केव्हातरी येतोच. डी-२-एस हा प्रोजेक्टर भिंगाच्या दिव्यासाठी आणि डी-२-आर हा परावर्तकाच्या दिव्यासाठी. डी-३ आणि डी-४ हे पाराविरहित बल्ब निराळ्या व्होल्टवर चालतात, म्हणून डी-१ किंवा डी-२च्या जागी ते चालत नाहीत. जुना बल्ब काळाबरोबर रंग बदलतो, सबब दोन्ही एकदमच बदलावेत. काम सुरू करण्यापूर्वी दिवे बंद करून बॅटरीची तार सोडवावी. वीस हजार व्होल्टशी सलगी बरी नव्हे. डी-१ आणि डी-२च्या कुपीत पारा असतो, म्हणून फुटका बल्ब घरच्या कचऱ्यात टाकू नये.

रंगाविषयीचा भ्रम तर फारच पसरलेला आहे. खोक्यावर ४,३००, ६,०००, ८,००० असे केल्व्हिनचे आकडे छापलेले असतात आणि ग्राहक त्यांना शक्तीचे आकडे समजून मोठ्यात मोठा उचलतो. वस्तुतः ते केवळ रंगाचे माप आहे. हॅलोजनचा पिवळसर प्रकाश ३,२०० केल्व्हिनच्या आसपास असतो, निर्मात्याने दिलेल्या झेनॉनचा ४,३००च्या सुमारास. त्याच्यापुढे आकडा चढेल तसा प्रकाश निळा होत जातो आणि उपयुक्त उजेड कमी होत जातो. निळसर झोत ओल्या डांबरावर मरतो आणि समोरच्याच्या डोळ्यांना अधिक टोचतो. हॅलोजनच्याच बल्बाला निळा मुलामा देऊन ‘झेनॉनसारखा’ म्हणून विकतात. तो मुलामा आहे तोही प्रकाश गाळून टाकतो.

आता बहुतेक वाचकांच्या खऱ्या गरजेकडे येऊ. दिवे मंद वाटतात तेव्हा दोष बल्बाचा क्वचितच असतो. पाच-सात वर्षे उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीची प्लॅस्टिकची काच पिवळी आणि धुरकट झालेली असते. तिला बारीक पॉलिश पेपरने पाण्यातून घासून, पॉलिश करून वर संरक्षक थर दिला तर नव्या दिव्यांवर होणारा बराचसा खर्च वाचतो. दुसरा दोष वायरिंगचा. तारेच्या बल्बाचे तेज व्होल्टच्या मानाने फार वेगाने उतरते. व्होल्ट पाच टक्के कमी झाले तर उजेड सुमारे सोळा टक्के कमी होतो. जुन्या गाडीत बॅटरीपासून निघालेली वीज स्विचमधून, गंजलेल्या जोडांतून, बारीक तारेतून बल्बापर्यंत पोहोचेतो तिचा पुष्कळसा दम गेलेला असतो. इंजिन चालू ठेवून, डिपर लावून, बॅटरीच्या टोकांवरचे आणि बल्बाच्या होल्डरवरचे व्होल्ट मीटरने मोजावेत. दोहोंत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त तफावत आढळल्यास रिलेचे वायरिंग करून घ्यावे, म्हणजे स्विच केवळ हुकूम देईल आणि वीज जाड तारेने बॅटरीतून थेट येईल. भरवशाच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे हे काम अर्ध्या दिवसात होते आणि त्यात कायद्याचा किंवा समोरच्याच्या डोळ्यांचा काही अपराध घडत नाही.

हे सोडून पुष्कळजण १००/९० वॅटचे बल्ब बिनदिक्कत लावतात. साठ वॅटच्या बल्बाला बारा व्होल्टवर पाच अँपिअर वीज पुरते, शंभर वॅटच्या बल्बाला आठाहून अधिक लागते. मूळ तार आणि स्विच या भारासाठी घडविलेलेच नसतात. होल्डर वितळतो, परावर्तकाची चांदी काळवंडते, आणि वर्षभराने दिवा पूर्वीपेक्षाही मंद झालेला दिसतो. त्यापेक्षा ६०/५५ वॅटचाच, पण नामांकित कंपनीचा चांगला बल्ब घ्यावा. ‘शंभर टक्के अधिक’ अशी जाहिरात असलेल्या बल्बांत तार अधिक आटोपशीर आणि अधिक तापणारी असते; उजेड खरोखर सुधारतो, आयुष्य मात्र कमी होते. ज्याला वर्षातून चार वेळा रात्रीचा घाट उतरावयाचा आहे त्याला हा सौदा परवडेल. रोज रात्री धावणाऱ्या प्रवासी गाडीच्या मालकाला परवडणार नाही.

फॉगलॅम्पचे प्रकरण निराळे आहे, आणि आपल्या सह्याद्रीच्या रस्त्यांपुरते बोलावयाचे तर अधिक महत्त्वाचे आहे. धुक्यात दिसत नाही ते प्रकाश कमी पडतो म्हणून नव्हे. आपलाच प्रकाश लक्षावधी जलकणांवर आपटून डोळ्यांकडे परत येतो, म्हणून. अप्पर लावताच समोर पांढरी भिंत उभी राहते ती याच कारणाने. तेव्हा फॉगलॅम्पला दूरवर फेकणारा झोत नकोच असतो. तो जमिनीलगत, डोळ्यांच्या रेषेपासून शक्य तितका खाली असावा. त्याच्या झोताची वरची कड सुरीने कापल्यासारखी सपाट असावी, म्हणजे वरच्या धुक्याला प्रकाश लागणारच नाही. आणि तो दोन्ही बाजूंना रुंद पसरावा, म्हणजे डांबराची कड, काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा कठडा आणि वळणावरचा दगड हाती लागेल. युरोपीय नियमात या दिव्याची जागा जमिनीपासून २५० ते ८०० मिलिमीटरच्या दरम्यान सांगितली आहे ती एवढ्याचसाठी. छपरावर किंवा बॉनेटच्या वर चढविलेली एल.ई.डी.ची पट्टी कितीही झगझगीत असली तरी धुक्यात ती शत्रूचेच काम करते.

पिवळा प्रकाश धुके ‘भेदतो’ हा समज मोटारवाल्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. हवेच्या सूक्ष्म रेणूंवरून निळा प्रकाश अधिक विखुरतो, म्हणून आकाश निळे दिसते, हे खरे. परंतु धुक्याचे थेंब प्रकाशाच्या लहरींच्या मानाने पुष्कळच मोठे असतात आणि ते सर्व रंगांना जवळजवळ सारखेच विखुरतात. धुके पांढरे दिसते ते त्यामुळेच. पिवळ्या काचेचा लाभ असलाच तर तो डोळ्यांच्या सोयीपुरता आहे. निळा भाग गाळला गेल्याने परत येणारा प्रकाश थोडा कमी खुपतो. फ्रान्सने १९३६ साली आपल्या मोटारींना पिवळ्या हेडलाईटची सक्ती केली होती. ती १९९३ साली उठली. खरेदीच्या वेळी पिवळा की पांढरा यावर घासाघीस करण्यापेक्षा दुकानदारास दिवा बॅटरीला जोडून भिंतीवर झोत दाखवावयास सांगावे. वरची कड स्पष्ट आणि आडवी दिसली तर तो फॉगलॅम्प. मध्ये गोल झगझगीत डाग दिसला तर तो लांब पल्ल्याचा ड्रायव्हिंग लॅम्प, फॉगलॅम्पच्या नावाने विकलेला. काचेवर ‘बी’ किंवा ‘एफ-३’ ही खूणही पाहावी. अनेक मोटारींच्या खालच्या श्रेणीत बंपरवर फॉगलॅम्पची जागा झाकण लावून ठेवलेली असते. तेथे निर्मात्याचाच अधिकृत संच बसविणे सर्वांत किफायतशीर. त्या चिमुकल्या दिव्यात झेनॉनचा बल्ब घालणे हा मात्र आम्हांस निव्वळ अविचार वाटतो. कड नष्ट होते आणि ज्या धुक्यासाठी दिवा घेतला त्याच धुक्यात तो निरुपयोगी ठरतो. तसेच ३५ वॅटच्या एच-८च्या जागी ५५ वॅटचा एच-११ जाऊ नये म्हणून दोघांच्या बुडाशी वेगळी खोबण ठेवलेली असते. काही कारागीर ती कानसून बसवतात, त्यांना तसे करू देऊ नये.

पंचावन्न वॅटच्या दोन फॉगलॅम्पना नऊ-दहा अँपिअर वीज लागते. त्यांना स्वतंत्र रिले हवा, अडीच चौरस मिलिमीटरची तार हवी, आणि पंधरा अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा. फ्यूज दिव्याजवळ ठेवला तर मधली सारी तार उघड्यावर पडते. तार जेथे पत्र्यातून पार होते तेथे रबरी बुशिंग घालून घ्यावे. जोड पाणी न शिरणारे असावेत, कारण बंपरच्या खालचा हा दिवा जुलै महिन्यात चिखलात न्हाऊनच निघतो.

दिवे लागले तरी त्यांची चाल शिकावी लागते. धुक्यात डिपर आणि फॉगलॅम्प, अप्पर कदापि नाही. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी दर सेकंदाला सुमारे १७ मीटर पुढे सरकते. फॉगलॅम्पने पुढचे वीस-पंचवीस मीटरच दिसत असतील तर तो वेग म्हणजे आंधळ्याची धाव होय. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लुकलुकत ठेवण्याची जी खोड घाटात सर्रास दिसते तीही सोडावी, कारण मग आपण वळणार की सरळ जाणार, हे मागच्याला कळण्याचा मार्गच उरत नाही. मागचा लाल फॉगलॅम्प असल्यास दाट धुक्यात तो अवश्य लावावा, आणि धुके विरळ होताच विझवावा. अन्यथा मागच्याचे डोळे तर दिपतातच, शिवाय ब्रेक लागल्याचेही त्याला उमगत नाही.

अखेरचे काम झोताचे तोंड साधण्याचे, जे नवा दिवा, नवा बल्ब किंवा बंपरची दुरुस्ती झाल्यावर दरवेळी केले पाहिजे आणि जे जवळजवळ कोणीच करीत नाही. सपाट जागी, टायरांत योग्य हवा भरून, चालकाच्या जागी माणूस बसवून गाडी भिंतीपासून दहा मीटरवर उभी करावी. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखावी. डिपरची आडवी कड त्या रेषेच्या दहा सेंटिमीटर खाली यावी, डावीकडची चढण सोडून. फॉगलॅम्पची कड आपल्या मध्याच्या वीस सेंटिमीटर खाली यावी. डॅशबोर्डवर शून्य ते तीन असे अंक असलेले लहानसे चक्र असते, ते हे काम करताना शून्यावर असावे. मागच्या बाकावर तीन माणसे आणि डिकीत सामान असेल तेव्हा तेच चक्र एक-दोन घरे पुढे फिरवावयाचे असते, आणि मंडळी व सामान उतरले की पुन्हा शून्यावर आणावयाचे.